कुंदाच्या हाताचा निकाल

कुंदाच्या घरात थर्मामीटर नव्हता. "हात असताना काचेची नळी कशाला?" हे तिचं उत्तर. अल नहदा वस्तीतल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर ती सकाळपासून पोळ्या लाटायची; शारजातल्या कितीतरी सड्याफटिंग मराठी पोरांची पोटं तिच्या डब्यांवर चालायची. बोलायला फटकळ. पण कुणाचं मूल कुरकुरलं की कपाळाला हात लावून निकाल देणार, आणि आम्ही शेजारणी तो मानणार. मीसुद्धा.

नव्व्याण्णवच्या जूनमधली दुपार. तिची सहा वर्षांची उर्वी शाळेतून आली ती सोफ्यावर मलूल पडली. कुंदाने तव्यावरची पोळी उतरवली आणि तोच हात तिच्या कपाळावर ठेवला. "गार तर आहे. उद्या शाळा बुडवायची नाटकं!"

तासाभराने उर्वी असंबद्ध बडबडायला लागली. मी अंगाला हात लावला. पोर तापाने फणफणली होती. कुंदाचा नवरा प्रल्हाद साइटवर. नळाला उन्हाळ्यात चटके देणारं पाणी, म्हणून कुंदाने पातेलंभर बर्फ घेतला आणि माझ्या गाडीत मागे बसून पट्ट्या ठेवत राहिली. मी प्रत्येक सिग्नलला देवाचा धावा करत होते.

क्लिनिकमध्ये ताप निघाला एकशे चार. इंजेक्शन दिलं. कुंदा पातेलं सोडेना, हात बर्फातच. बऱ्याच वेळाने नर्स शहनाझ म्हणाली, "बुखार उतर रहा है. एक सौ एक."

कुंदाने उर्वीचं कपाळ चाचपलं आणि किंचाळली, "कहाँ उतर रहा है? हाथ जल रहा है मेरा! आपका थर्मामीटर खराब है!" तिचा हात चुकत नाही हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं, की मीही शहनाझवर ओरडले, "डॉक्टर को बुलाओ, यल्ला, जल्दी!" पोर आता जाते, असंच वाटलं मला.

तेवढ्यात उर्वीने डोळे उघडले. "मम्मा, युअर हँड इज सो कोल्ड."

मी कुंदाचा हात धरला. गारठून पांढराफटक पडलेला. त्या हाताला कोमट पाणीसुद्धा भाजलं असतं. आणि दुपारी, तव्याजवळ तापलेला असताना, त्यालाच पोरीचा ताप गार लागला होता. कुंदालाही ते तेव्हाच कळलं असावं. ती मागे सरकली. उर्वी "मम्मा, मम्मा" करत जवळ बोलावत होती, आणि कुंदा भिंतीला टेकून रडत उभी. पोटच्या पोरीला हात लावायची तिची हिंमत होत नव्हती.