अण्णांनी दोन्ही कार्ब्युरेटर खोलले

आमच्या अण्णांनी आयुष्यभर बेंबळीच्या शाळेत गणित शिकवलं आणि आयुष्यभर एकच मोटारसायकल चालवली. दोन सिलिंडरची, म्हणून तिला कार्ब्युरेटरही दोन. या दोनपणाचा त्यांना फार अभिमान. गावात कुणी नवी गाडी घेऊन पेढे द्यायला आलं की पेढा तोंडात टाकायच्या आधी ते विचारायचे, "कार्ब्युरेटर किती?" अलीकडच्या गाड्यांना तो नसतोच, हे कळल्यापासून तर त्यांना नव्या गाड्यांची कीवच यायला लागली.

गेल्या हिवाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा ही गाडी आजारी होती. चढाला धापा टाकायची, मधेच उचकी द्यायची आणि धूर असा सोडायची, की अण्णा गेले एवढंच लोकांना कळायचं, कुठं गेले ते नाही. धाराशिवच्या मेकॅनिकनं तिच्याभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, आता हिला आराम द्या." पेशंटच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतात तसा. अण्णांना ते फार लागलं. त्यातच आईला तामलवाडीला माझ्या मावशीकडं जायचं होतं आणि माझ्या भावानं फोनवर परस्पर जाहीर करून टाकलं होतं, की मी रविवारी कार घेऊन येतो आणि सोडतो.

"कार कशाला?" अण्णा म्हणाले. "मीच सर्व्हिसिंग करतो. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर, दोनच तर गोष्टी हैत."

"तीन हैत," आई म्हणाली. "कार्ब्युरेटर दोन हैत न्हाय का?"

गणिताचे मास्तर पाने-पक्कड आणायला आत गेले.

अंगणात पोतं अंथरलं. अण्णांनी मोबाइलवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला. भाषा कळत नव्हती, पण "आपण हात बघायचे, तोंड न्हाय," असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडं फोटो काढायचं काम होतं. कुठलाही भाग काढायच्या आधी त्याचा फोटो, म्हणजे परत बसवताना गोंधळ नको.

आधी एअर फिल्टर. डब्याचं झाकण काढलं तर आतला स्पंज दिसेचना. उंदरानं तिथं संसार थाटला होता. शेंगांची टरफलं, ज्वारीचे दाणे, सुतळी आणि मधोमध अंथरूण म्हणून एक जांभळा, जरीकाठाचा मऊ तुकडा. वाकून बघणारी आई एकदम सरळ झाली.

"हा तर माझा ब्लाउजपीस! मावशीनं दिलेला!"

"बघ," अण्णा म्हणाले, "इंजिनाला हवा मिळणार कुठून?"

"तुमच्या हवेचं काय घेऊन बसलात! मी तुमच्या भावजयीवर संशय घेतला होता. अजून धड बोलत न्हाय मी तिच्याशी."

ती आत गेली. थोड्या वेळानं आतून फोनवरचा तिचा आवाज आला, इतका गोड की मी चपापले. "काय गं, लई दिवसांत आलीच न्हाईस. ये की चहाला. छे छे, सहजच!"

स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला. व्हिडिओतल्या माणसानं त्याला तेल चोळलं. कसलं तेल, ते अर्थातच कळलं नाही. अण्णांनी आईकडं मागितलं आणि तिनं स्वयंपाकघरातलं करडईचं दिलं. "बेतानं घाला," ती म्हणाली. अण्णांनी मोकळ्या हातानं घातलं.

मग कार्ब्युरेटर. खालच्या वाट्या उघडल्या तर तळाला चहाच्या गाळासारखा मळ. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याला जेमतेम केस जाईल एवढं भोक आणि सगळं पेट्रोल त्यातूनच इंजिनात जायचं. अण्णांनी तो उजेडाकडं धरला आणि शाळेतल्या आवाजात मला विचारलं, "काय दिसतं?"

"काही नाही."

"बरोबर. म्हणूनच गाडी चालत न्हाय."

त्यांनी सायकलच्या पंपानं जेटमध्ये हवा मारली, पेट्रोलनं धुतलं, परत हवा मारली. भोकातून आभाळ दिसलं तेव्हा आईला हाक मारून तेही दाखवलं. त्या दुपारी अण्णा इतके खूश होते, की दोन्ही कार्ब्युरेटर कसे बसवायचे हा प्रश्न कुणालाच पडला नाही. तो संध्याकाळी पडला. कार्ब्युरेटरच्या आत एक दट्ट्या असतो. आपण रेस दिली की तो वर सरकतो, सोडली की खाली बसतो. खालून तो एका बाजूला थोडा कापलेला असतो. ती कापलेली बाजू इंजिनाकडं करायची की फिल्टरकडं?

"फोटो बघ," अण्णा म्हणाले.

मी बघितले. सगळ्या फोटोंत अण्णा होते. फोटो म्हटलं की ते मान वर करायचे, केसांवरून हात फिरवायचे आणि तो भाग मुठीत छातीशी धरून उभे राहायचे. दट्ट्या कुठंच दिसत नव्हता. अण्णा मात्र फार छान आले होते.

"असू दे," ते म्हणाले. "अंदाजानं बसवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. सुरू कसली, किंचाळली. अण्णांना ते तब्येतीचं लक्षण वाटलं. गिअर टाकून ते निघाले, तेव्हा कळलं की रेस सोडली तरी गाडी रेस सोडत नव्हती. क्लच दाबला की इंजिन एवढं ओरडायचं, की ते घाबरून क्लच सोडून द्यायचे. ब्रेक आधीपासूनच नावाला होते. चावीचं तर विचारूच नका. ती इतकी झिजली होती, की बंद केली तरी गाडी चालूच राहायची.

शाळेच्या भिंतीला वळसा, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ आणि परत आमचं दार. दुसऱ्या गिअरात, सायकलपेक्षा जरा जास्त वेगानं अण्णा फेऱ्या मारू लागले.

"अगं, थांबत न्हाय ही!" पहिल्यांदा समोरून जाताना ते ओरडले.

"मग थांबवा की!" आई ओरडली. पण तोवर ते शाळेपाशी पोचले होते.

रस्त्याच्या कडेला माणसं जमली. निम्म्या गावाला अण्णांनी शिकवलेलं. ते समोरून गेले की प्रत्येक जण अदबीनं म्हणायचा, "नमस्कार, गुरुजी." पुढच्या फेरीला पुन्हा, "नमस्कार, गुरुजी." अण्णाही दर वेळी मान हलवून नमस्कार घेत होते. मागं धूर आणि धुराला भज्यांचा वास. देवळापाशी कुणीतरी विचारलंही म्हणे, "आज गुरुजींकडं काय कार्यक्रम हाय?"

मी नुसतीच "अण्णा, अण्णा!" करत होते. आई मात्र पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"कॉक बंद करा! पेट्रोलचा कॉक!"

वर्षानुवर्षं मागच्या सीटवर बसून, पेट्रोल संपत आलं की खाली वाकून कॉक फिरवायचं काम तिच्याकडंच होतं. अण्णांनी कधी तो बघितला असेल की नाही, शंकाच आहे. त्यांनी एक हात सोडला, गाडी हेलकावली, एक कोंबडी जिवानिशी वाचली आणि कॉक बंद झाला.

"केला बंद! तरी चालतीच हाय!"

"वाटीतलं संपू द्या!"

ते संपेपर्यंत अण्णा अजून फिरले. शेवटी गिरणीसमोर गाडीनं आचका दिला आणि ती गप्प झाली. माजी विद्यार्थ्यांनी गाडी ढकलत घरी आणली. अण्णा पुढं चालत होते, मिरवणुकीत असल्यासारखे.

मग चहा झाला. अण्णा मनगट चोळत बाजेवर पडले. आईनं पाना मागितला तेव्हा त्यांनी तो निमूट दिला. तिनं दोन्ही कार्ब्युरेटरची टोपणं काढली, दोन्ही दट्टे शेजारीशेजारी धरले आणि हसायलाच लागली.

"काय झालं?"

"एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. दोघांचं पटणार कसं?"

"कुठला चुकलाय?" अण्णांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगा. पन्नास टक्के मार्क तर नक्की हैत तुम्हाला."

दोन्ही बाजूंनी बसवून बघितल्यावर कळलं, कापलेली बाजू फिल्टरकडं हवी होती; उलटा दट्ट्या खाली बसतच नव्हता. फिल्टरचं जादा तेल आईनं फडक्यात पिळून काढलं. गाडी सुरू झाली आणि रेस सोडल्यावर शहाण्यासारखी खाली आली. अण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि मागची सीट पुसली, अगदी कोपऱ्यांपर्यंत.

रविवारी भाऊ कार घेऊन आला, तोवर दोघं तुळजापूर ओलांडून गेली होती. संध्याकाळी आईचा फोन आला.

"पोचलो गं. चढालासुद्धा दम लागला न्हाय."

"परत कधी येताय?"

"कसलं परत! इथं मावशीकडं काकांचं पाण्याचं इंजिन बंद पडलंय. सगळं अंगणात खोलून ठेवलंय ह्यांनी."

"अगं, मग थांबव की त्यांना!"

"मी कशाला थांबवू?" आई म्हणाली. "मीच पाना धरलाय. ठेव आता, हात तेलाचे हैत."