नरसिंग हवालदाराचा गुडघा

सरजाबाईच्या नवऱ्याचा डावा गुडघा सरकारी कागदात पंधरा टक्के अधू होता. बाकीचा पंच्याऐंशी टक्के धड. माणसाचा गुडघा म्हणजे काय पायलीनं मोजायची ज्वारी आहे का, असं ती पहिल्यांदा म्हणाली होती. पण फौजेत सगळ्याला माप असतं. पंधरा टक्क्याला काही मिळत नाही. वीस टक्के असता तर अपंगत्वाची पेन्शन वेगळी लागली असती. म्हणजे गुडघा मोडला तो मोडला, वर पाच टक्के कमी मोडला.

मोडला तो वर बर्फात. ट्रक घसरून नाल्यात गेला. आत चौघं होते, दोघं परत आले. नरसिंगच्या गुडघ्यात पट्टी बसवली, स्क्रू मारले, आणि सहा महिन्यांनी गडी पुन्हा कामावर. बावीस वर्षं भरल्यावर घरी यायच्या आधी डॉक्टरांच्या बोर्डानं तपासलं आणि पंधरा लिहिलं. तेव्हा नरसिंगला आनंदच झाला. आकडा जेवढा कमी तेवढा जवान चांगला, असं त्याचं गणित. "बघ सरजे, पंधराच हाय," म्हणून त्यानं तिला कागद दाखवला होता. तिला वाचायला येत नव्हतं. सहीपुरती पाच अक्षरं येत होती. तीही हसली.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. लातूरला एका बँकेच्या दारात नरसिंगनं बंदूक घेऊन आठ वर्षं उभं राहून काढली. गुडघा सुजून भोपळ्यासारखा व्हायला लागला तेव्हा ती नोकरी सोडली आणि दोघं चाकूरच्या पलीकडं आपल्या वस्तीवर येऊन राहिली.

घरात काय चालतं ते दोघांनाच माहीत. सकाळी सरजाबाई एक हात त्याच्या बगलेत घालायची, एक कमरेला, आणि "हं, चला" म्हणून खाटेवरून उठवायची. संडासात प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली, मधोमध भोक पाडलेली. ते भोक तिनंच तापलेल्या विळ्यानं पाडलं होतं, आणि त्या वासानं शेजारची महानंदा "काय जळायलंय गं?" म्हणत आली तेव्हा दूध उतू गेलं म्हणून सांगितलं होतं. पायमोजे तिनं चढवायचे, पँटीत पाय तिनं घालायचा. पण एकदा का गडी उभा राहिला, इस्तरीचा शर्ट अंगावर आला, की काठी दाराआड ठेवून फाट्यापर्यंत असा ताठ चालत जायचा की वस्तीला वाटायचं, हवालदार अजून ड्युटीवर आहे. घरी येऊन मग दोन तास भिंतीकडं तोंड करून पडायचा.

याला हट्ट म्हणावं तर म्हणावं. पण त्याची मुळं खोल होती. नरसिंगचा आजा दुसऱ्याच्या दारात कमरेत वाकून, पदर पसरल्यासारखा पंचा पसरून भाकरी घ्यायचा. बापानं बुद्धाचा धर्म घेतला आणि लेकरांना फार शिकवायला जमलं नाही, तरी एक शिकवलं. कापड धुतलेलं पाहिजे, केस विंचरलेले पाहिजेत, आणि साहेबापुढं वाकायचं नाही, रडायचं नाही. सरजाबाईच्या माहेरीही हेच. लग्नात तिला भांडीकुंडी फार आली नाहीत, पण ही शिकवण आली.

लेक लुंबिनी नांदेडला दिलेली. जावई तिकडंच शाळेत मास्तर. तिनंच बापाला न विचारता धडपड करून, आईकडून कागद मागवून, गुडघा पुन्हा तपासावा म्हणून अर्ज लिहिला. बापानं सही केली ती "तपासायला काय जातंय" म्हणून. दोन वर्षं गेली. सगळे विसरले. आणि एक दिवस पत्र आलं: अमुक तारखेला लष्करी दवाखान्यात बोर्डापुढं हजर राहावं. शहर लांबचं, रेल्वेचा प्रवास.

बातमी ऐकून देवणीचा दोस्त आला, श्रीमंत नावाचा. हाही माजी सैनिक. तोफेजवळ उभं राहून राहून त्याचे कान गेलेले, त्याची पेन्शन कधीच सुरू झालेली. बहिऱ्या माणसाचं कसं असतं, गुपित सांगायचं तरी ओरडूनच सांगतो.

"नरसिंगा! दाढी वाढव! काठी घिऊन जा! आन आठ दिस गोळ्या बंद कर!"

"हळू बोल की, येड्या," नरसिंग म्हणाला. "लोक ऐकायलेत."

"आं?"

"लोक ऐकतेत!"

"ऐकू दे! मला ऐकू येत न्हाई, त्यांना तरी यिऊ दे!"

सरजाबाई चहा घेऊन आली ती फणकाऱ्यातच. कप जरा जोरानं ठेवला. "भाऊजी, माझा मालक भिकाऱ्यावानी जाणार न्हाई. नाटक करायची आमची रीत न्हाई."

तिचे ओठ बघून श्रीमंतला सगळं कळलं. तो जरा हळू झाला. "वहिनी, खोटं बोला म्हनतो का मी? हा तर खरंबी झाकतो. आमच्या देवणीला बघा, बैल बाजारात न्यायचा तर धुतेत, शिंगं रंगवतेत, झूल घालतेत. पण ढोराच्या डागदराकडं नेताना कुनी शिंगं रंगवतं का? तितं लंगडताना दाखवावं लागतं."

"आमी बैल न्हाईत," सरजाबाई म्हणाली. श्रीमंतनं चहा बशीत ओतला, प्याला आणि गेला.

मग पुढचे दहा दिवस सरजाबाईनं काय केलं म्हणता? ओढ्याकाठची निरगुडी आणून उकळली, गुडघा शेकला. तिळाच्या तेलात ओवा-लसूण कढवून सकाळ-संध्याकाळ चोळलं. वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवून लावली. घरात चालायला तिनं त्याला दहा दिवस मनाई केली. निव्वळ आराम. गुडघ्याची सूज उतरली. कधी नव्हे तो पाय वाकायला लागला. "लई दिसांनी हलका वाटतोय," नरसिंग म्हणाला, तेव्हा तिला केवढं समाधान. साहेबांपुढं जायचं तर माणूस धड नको का दिसायला? पांढरा शर्ट निळीत बुडवला, पँटीला घडी पाडली, पदकं चिंचेनं घासली. काठी घरीच राहिली.

बोर्डात तिघं डॉक्टर होते. तपासणारी एक मेजर बाई, लुंबिनीपेक्षाही लहान. सरजाबाई दाराजवळच्या बाकावर बसली. पडदा अर्धाच ओढलेला, तिला सगळं दिसत होतं.

नरसिंगनं आत जाऊन टाच आपटून सलाम केला. डाव्याच पायाची टाच आपटली, शहाण्यानं.

"कोई तकलीफ?" मेजर बाईनं विचारलं.

"जी नहीं, साब."

"चलने में?"

"ठीक है, साब."

"सीढ़ी?"

"चढ़ लेता हूँ."

बाईनं गुडघा वाकवून बघितला, कोन मोजायची पट्टी लावली, आकडा लिहिला. मग म्हणाली, खाली बसून उठून दाखवा. आता इथं सरजाबाई बाकाच्या कडेला सरकली. वर्षभरात तो खाली बसला नव्हता. पण तेलानं काम केलं होतं. नरसिंग खाली बसला, आणि टेबलाला हात न लावता उठला. त्याच्या कानामागून घामाची धार गळपट्टीत गेली, ती फक्त बायकोला दिसली.

मेजर बाई वाईट नव्हती. तिनं पेन खाली ठेवलं, सरजाबाईला आत बोलावलं आणि चांगल्या मराठीत विचारलं, "मावशी, घरी यांना काही मदत लागते का? उठायला, कपडे घालायला, संडासला?"

एवढंच विचारलं होतं. हो म्हटलं असतं तर झालं असतं. नरसिंग समोर बघत उभा होता, भिंतीवरच्या घड्याळाकडं. पदकं लखलखत होती. सरजाबाईला वाटलं, या तिघांपुढं आपण तोंड उघडलं तर या माणसाची पँट आपणच भर कचेरीत उतरवल्यासारखं होईल.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "सगळं आपलं आपुन करतेत."

मेजर बाईनं लिहिलं.

बाहेर आल्यावर रिक्षात त्याला पाय आत घेता येईना. तिनं दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. घरी आल्यावर आठ दिवस तो उताणा होता, आणि गुडघ्यावर तेलाचा हात लावला तरी दात खायचा.

चार महिन्यांनी पत्र आलं. लुंबिनी सुट्टीला आली होती, तिनं वाचलं. पंधरा टक्के. पुढं एक शब्द होता, तो तिनं दोनदा वाचला: आजीवन.

"म्हंजी?" सरजाबाईनं विचारलं.

"म्हंजी मरेपर्यंत पंधराच, माय. आता पुन्यांदा तपासणार न्हाईत. पण सहा महिन्यांत अपील करता येतं. बोर्डापुढं जे सांगितलं न्हाई, ते लिहून द्यायचं."

सरजाबाई चुलीपुढं गेली. तव्यावर काहीच नव्हतं, तरी उलथणं फिरवत बसली. मग तिथूनच म्हणाली, "लिही. मी सांगते."

तिनं सांगितलं आणि लेकीनं लिहिलं. उठवणं, मोजे, पँट, खुर्ची, सगळं. लिहिता लिहिता लुंबिनीचा हात थांबला. "माय, एवढं करायलीस? मला कधी बोलली न्हाईस."

"तू कधी इचारलं? फोनवर 'बाबा कसे हायेत' म्हनतीस, 'बरे हायेत' म्हनते मी. आमच्या घराला सवयच हाय बरं असायची."

कागद नरसिंगपुढं ठेवला. त्यानं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि तिच्या हातात दिला.

"म्हंजी तितं आपण दोघं खोटं बोललो, असं लिहून द्यायचं?"

"बोललोच की!" सरजाबाई म्हणाली. "मी बोलले. माझ्या नावानं लिहा, बायको येडी होती म्हणून."

"तू माझी लाज राखली."

"लाज काय औषधाच्या दुकानात चालती? उद्या माझे हात गेले तर तुमाला कोण उठवंल? पदकं?"

नरसिंग हसला. नाईलाजानं तीही हसली. पण सही काही झाली नाही. रोज तिनं कागद पुढं ठेवायचा, रोज त्यानं "बघू" म्हणायचं. रागावून झालं, रडून झालं, दोन दिवस न बोलून झालं. न बोलण्याचा काही उपयोग नव्हता, कारण उठवताना "हं, चला" म्हणावंच लागायचं.

असं करत मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. सरजाबाईनं त्याचं सगळं उरकलं, त्याला खाटेवर भिंतीला टेकून बसवलं, भाकरीची दुरडी, पाण्याचा तांब्या आणि फोन हाताशी ठेवला. "चाकूरला दवा आणाया जाते," म्हणाली आणि लातूरची एसटी धरली.

माजी सैनिकांच्या कचेरीतले साहेब सुद्धा जुने फौजीच. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागद शांतपणे वाचला. खाली तिची सही होती, पाच अक्षरं, चढावर चढल्यासारखी.

"ताई, हे सगळं खरं दिसतंय," ते म्हणाले. "पण अर्ज त्यांचा लागतो. सही त्यांची पाहिजे."

"ते करत न्हाईत."

साहेबांनी घड्याळ बघितलं. अजून वेळ होता. "मी बोलतो त्यांच्याशी. नुसतं हो म्हणू द्या. माणूस पाठवून आजच्या आज सही आणतो." त्यांनी फोन लावला आणि तिलाही ऐकू जावं म्हणून मोठा केला. "नमस्कार हवालदार. लातूरच्या कचेरीतून बोलतोय. तुमच्या गुडघ्याच्या अर्जाचं विचारायचं होतं. घरी काय काय त्रास होतो, मोकळेपणानं सांगा बरं."

पलीकडून कोंबडी ओरडल्याचा आवाज आला. मग आवाज आला तो असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस सावधान उभा आहे.

"काही त्रास नाही, साहेब. एकदम फिट. जय हिंद."

साहेबांनी "जय हिंद" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांनी सरजाबाईकडं बघितलं. सरजाबाईनं कागद मागितला, घडी करून पिशवीत टाकला आणि उठली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "तुमी काय करणार, साहेब. मानूसच तसा हाय."

परतीची गाडी उशिरा मिळाली. वस्तीवर पोचली तेव्हा दिवे लागले होते, फक्त तिचं घर अंधारात. दिवा लावून तिनं बघितलं. सकाळी बसवलं होतं तिथंच नरसिंग बसलेला, भिंतीला टेकून, तसाच. भाकरी खाल्लेली नव्हती. पाणी प्यायलेलं नव्हतं. प्यायलं असतं तर उठावं लागलं असतं.

"दवा मिळाली का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "दुकान बंद झालतं."

पदर खोचून तिनं एक हात त्याच्या बगलेत घातला, एक कमरेला, आणि जोर लावला. पहिल्यांदा उठला नाही. तिनं दम घेतला आणि पुन्हा लावला.