दंडावरचा चट्टा

मुलगी बाळंतपणासाठी नारायण पेठेत आमच्याकडे आली आणि नेमका त्याच सुमारास माझ्या दंडावर खाजरा, गोल चट्टा उठला. नात दवाखान्यातून घरी आली तेव्हा मुलीने उंबऱ्यातच बजावलं, "बाबा, हे संसर्गाचं आहे की नाही ते कळेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही."

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. औषधाच्या दुकानदाराला विचारून औषध घेणाऱ्यांची वर्गात जन्मभर टर उडवली. त्यामुळे कोपऱ्यावरून मलम आणलं ते दडवून आणि लावलं ते न्हाणीघराला कडी घालून. चट्टा फिका पडला. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही लावलंत का?"

"छे! अहो, मी विज्ञान शिकवायचो."

त्यांनी तिथली इवलीशी कातडी तपासायला पाठवली. अहवाल आला: वरचा थर जाडावलेला, पेशींच्या मध्ये पाणी साठलेलं, इसबाशी मिळतंजुळतं. इसबाची लागण होत नाही! मी नातीला घेतलं ते खाली ठेवीना. आजोबांचा दंड म्हणजे पाळणाच, असं मीच म्हणायचो, दुसरं कुणी म्हणेना म्हणून.

मग तिच्या गालावर तसाच गोल उमटला.

डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तोंड उघडण्याआधी बायकोने पर्समधून चेपलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

"यांचं विज्ञान," एवढंच म्हणाली.

मलम बंद करून माझ्या दंडाच्या कातडीचा पुन्हा तुकडा काढला. या वेळी पॅथॉलॉजिस्टने मला सूक्ष्मदर्शकाशीच बसवलं. "सर, कातडीच्या चिडण्याच्या तऱ्हा मोजक्याच. इसब असो, सोरायसिस असो, बुरशी असो, पेशींचा थर जाडच होतो. मलमाने बुरशीची खूण दबली होती, बुरशी नव्हे. तुम्ही सांगितलं असतंत, तर बुरशी दाखवणारा हा रंग मी तेव्हाच वापरला असता."

वरच्या मेलेल्या पापुद्र्यात किरमिजी धागे पसरले होते. फळ्यावर मी असेच काढायचो. नाव चुकलं की पोरांचे गुण कापायचो.

औषधाने नातीचा गाल बरा झाला, माझा दंडही. पण मुलगी ठरल्यापेक्षा लवकर सासरी निघाली. रिक्षा दाराशी आली, तेव्हा मी हात पुढे केले.

"तुमचं पूर्ण बरं झालंय ना?"

"हो."

तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, तेव्हा कुठे नात माझ्याकडे आली. दुपट्यात अशी गुंडाळलेली की गाल काय, बोटसुद्धा बाहेर नव्हतं.