कोरडे निघालेले तांदूळ

माझी धनुआत्या संशयी होती. हे मी तिच्या माघारी म्हणत नाही, ती स्वतःच सांगायची. दूधवाला गेला की भांडं उजेडात धरून बघायची. देवळातून आली की आधी चपला उलट्यापालट्या करून आपल्याच आहेत ना ते पाहायची. मी एकदा विचारलं, "आत्या, देवाच्या दारातून येऊन हे कसलं?" तर म्हणाली, "देवावर विश्वास शे गं. चपला ठेवणाऱ्यांवर नाही." आणि मग तिने मला शाळेतल्या कात्रीची गोष्ट सांगितली.

१९३७ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आत्या बारा-तेरा वर्षांची, नंदुरबारच्या एका मुलींच्या शाळेत मराठी सहावीला. आमचं गाव तापीकाठचं. गावात शाळा होती, पण मुलींना चौथीच्या पुढे कोणी बसवत नसे. आत्याने रडून, दोन दिवस जेवण टाकून नंदुरबारला तुळशीमावशीकडे राहायची परवानगी मिळवली होती. माझे आजोबा दोधू पाटील तिला बैलगाडीने सोडायला आले, तेव्हा गाडीतून न उतरताच त्यांनी सांगितलं, "शायमातून एक बी बोल उना, ते दप्तर चुल्हामा."

शाळेतून एक तक्रार आली की दप्तर चुलीत, आणि आजोबा बोलले तसं करणारे होते. आत्याला तर सातवी पास होऊन मास्तरीण व्हायचं होतं. म्हणून ती शाळेत फार जपून असे. कोणाशी भांडण नाही, कोणाची पेन्सिल घेणं नाही. पण जपून राहणाऱ्या माणसाचं लक्ष दुसऱ्यांवर फार असतं, तसं तिचं होतं.

सहावीत अकरा मुली होत्या. त्यांना शिकवायच्या सिंधुबाई. धुळ्याच्या, कडक, शुद्ध बोलणाऱ्या. वर्गात कोणी 'आहे'च्या जागी 'शे' म्हणालं की हातावर पट्टी. गुरुवारी दुपारी शिवणाचा तास असे, आणि त्या गुरुवारी कपाटातली मोठी कात्री नव्हती.

कात्री साधी नव्हती. ती शाळेच्या सामानाच्या वहीत लिहिलेली होती आणि महिन्याभरात सरकारी दिपोटी साहेब शाळेच्या तपासणीला येणार होते. बाईंनी कपाट रिकामं केलं, दप्तरं झाडायला लावली, हिलाल शिपायाकडून बसायची बस्करं उचलून कपाटामागचंसुद्धा झाडून घेतलं. कात्री नाही. बाईंचा चेहरा उतरला.

आत्याला मात्र लगेच ठाऊक झालं कोणी घेतली ते. म्हणजे तिला तसं वाटलं. कपाटाशेजारी बसायची अख्तरबानो. दुपारच्या सुट्टीत सगळ्या मुली डबे घेऊन लिंबाखाली गेल्या, अख्तर गेली नव्हती. एकटीच वर्गात होती. गेल्या आठवड्यात तर सगळ्यांत बसून पेरू खात होती. आज काय झालं? शिवाय ती दोनदा उठून बाहेर थुंकून आली. आणि तिचे वडील, वहाब, नंदुरबारातच शिंपी.

"बघ ना," आत्या मंगलाच्या कानात म्हणाली, "कात्री कोणाच्या घरी लागते?"

"तुन्हा डोकं पोलीसनं शे," मंगला म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आत्याने बाईंपुढे उभं राहून सांगितलं की, आमच्या गावात असं झालं की तांदूळ देतात. भगताने मंतरलेले चिमूटभर कोरडे तांदूळ प्रत्येकाने तोंडात घालायचे, चावायचे आणि पानावर थुंकायचे. ज्याच्या मनात पाप, त्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही. त्याचे कोरडे निघतात. आमच्या गावात एका घरचं चांदीचं कडं असंच सापडलं होतं.

बाई शिकलेल्या. त्यांनी हसून सोडायला हवं होतं. पण दिपोटी साहेबांची भीती मोठी. "मंतरायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "नुसते आणा. ज्याचं मन साफ, त्याला कसली भीती."

तांदूळ आत्यानेच मावशीकडून आणले.

मुली ओळीने उभ्या राहिल्या. पुढ्यात वहीचे कागद ठेवले. तिसऱ्या नंबरला अख्तर. बाईंनी तिच्या हातावर तांदूळ ठेवले. तिने ते परत बाईंच्या वाटीत टाकले.

"मी नाही खाणार."

"का?"

अख्तरने तळहात ओढणीला पुसला.

"अख्तर, का म्हणून विचारलं."

"नाही खाणार, बाई."

ओळीत कुजबूज झाली. आत्याला वाटलं, झालं, आता तांदळांची गरजच उरली नाही. ती अख्तरकडे टक लावून बघत होती. तिचे ओठ सुकलेले, गळा हलतोय, सगळं तिने टिपलं. तेवढ्यात आत्याची पाळी आली. तिने तांदूळ तोंडात टाकले, अख्तरकडे बघतच चावले आणि कागदावर थुंकली.

पांढरा भुगा. पिठासारखा.

मंगला वाकून बघत म्हणाली, "अगं, धनुचे तर कोरडेच."

त्या दिवसापासून वर्गात दोघींच्या बाजूची जागा मोकळी राहू लागली. मुली फक्त आपापली दप्तरं पलीकडे ओढून घेत. शेवटी उरलेल्या एका बस्करावर दोघी शेजारी आल्या. आत्याला माहीत होतं की आपण कात्री घेतली नाही, म्हणून तिची खात्रीच झाली की अख्तरने घेतली. आणि अख्तरलाही माहीत होतं की आपण घेतली नाही.

"तू तांदूळ का नाही खाल्लेस?" आत्याने हळूच विचारलं.

"तुझे कोरडे का निघाले?"

"माझा घसा बसलाय."

"कालपर्यंत तर नव्हता बसला."

दोघी एकमेकींच्या दप्तराकडे बघत दिवस काढत. आत्या म्हणायची, त्या पंधरा दिवसांत मी अभ्यास काय केला ते आठवत नाही, अख्तरच्या दप्तराला किती ठिगळं होती ते आठवतं.

शाळा सुटल्यावर ती वहाब शिंप्याच्या दुकानावरून जाऊ लागली. मावशीची चोळी टाकायला एकदा, चोळी झाली का विचारायला तीनदा. दुकानात दोन कात्र्या होत्या, दोन्ही काळ्या, जुन्या. तिसरी कापडाच्या ढिगाखाली असेल, असं तिला वाटे. वहाबचाचा मशीन थांबवून म्हणाले, "बेटी, रोज येतेस, रोज कात्रीकडे बघतेस. शिंपीण व्हायचंय का तुला?"

आत्या लाजून बाजूला झाली. संध्याकाळ होत होती. दुकानाच्या मागच्या खोलीत अख्तर आजीशेजारी बसली होती, पुढ्यात पाण्याचा पेला आणि खजूर. ती पाण्याला हात लावत नव्हती. मशिदीतून अजान आली तसा तिने खजूर तोंडात घातला, आणि पाणी असं प्यायली की पेला एका दमात रिकामा.

तेव्हा आत्याच्या लक्षात आलं. रोजा. गुरुवारी डबा नाही, बाहेर थुंकणं, शुक्रवारी तांदूळ नाहीत, सगळं रोज्यामुळे.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"दादी म्हणते, रोजा सांगत फिरायचा नसतो. तो अल्लाचा आणि आपला."

आत्याच्या आईचंही असंच होतं. हरतालिकेचा निर्जळी उपास आई कोणाला कळू द्यायची नाही, पाण्याचे हंडे भरतच राहायची. पण मनातला संशय गेला नाही. रोजा ठेवणारी चोरी करत नाही, असं कुठे लिहिलंय? त्या संध्याकाळी ती मावशीच्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावून बसली आणि देवाला म्हणाली, मला खरं कळू दे. पुढे ती सांगायची, मी देवाकडे खरं नव्हतं मागितलं, अख्तर चोर निघू दे एवढंच मागितलं होतं.

शनिवारी बाईंनी तपासलेल्या वह्या न्यायला तिला आपल्या घरी बोलावलं. बाई भाचीच्या लग्नाच्या चोळ्या बेतत बसल्या होत्या. चटईवर खण पसरलेला आणि त्यावर कात्री. मोठी, एका कडीला हिरवा दोरा गुंडाळलेला. ती कडी बोटाला लागते म्हणून दोरा आत्यानेच श्रावणात गुंडाळला होता.

बाईंनी वर बघितलं. आत्या कात्रीकडे बघत होती, हे त्यांनी बघितलं.

"ही घरची आहे," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"वह्या तिथे आहेत. घे."

वह्या घेऊन आत्या परत निघाली. बाई खोटं बोलल्या हे तिला पटत नव्हतं, आणि न पटून चालणारही नव्हतं. बाईंनी चोरली नसणार. बेतायला नेली असणार, कामाच्या गडबडीत विसरल्या असणार, आणि इतकं सगळं झाल्यावर सांगायची लाज वाटली असणार. पण सोमवारी बाई वर्गाला म्हणाल्या, "कात्री कपाटामागे सापडली. आता तो विषय नको."

विषय तर तिथूनच सुरू झाला. कपाटामागचं हिलालने झाडलं होतं, सगळ्यांसमोर. मग सापडली कशी? ठेवली कोणीतरी परत. कपाटाशेजारी कोण बसत होतं? मुलींचं बोलणं मंगळवारी वहाबचाचांच्या दुकानात पोहोचलं. बुधवारपासून अख्तर शाळेत आली नाही. ईदनंतरही येणार नाही, असं कळलं.

आणि त्याच बुधवारी बाईंनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "धनु, तुझ्या वर्तणुकीचा शेरा मी 'उत्तम' लिहिलाय. वडिलांना दाखव. ते तांदळाचं वगैरे त्यांच्यापर्यंत जायला नको."

आत्या खरं सांगायची, तिला आनंद झाला. चार दिवस ती हलकी होऊन हिंडली. मुलीही हळूहळू जवळ येऊन बसू लागल्या. तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. मग खोटं बोलली कुठे ती?

तपासणीसाठी निबंध लिहायचा होता: 'या वर्षात माझ्या स्वभावात झालेली सुधारणा'. आत्याने सुरुवात सुरेख केली. मी पहाटे उठते. मी मोठ्यांचा मान ठेवते. मी खरे बोलते. इथे तिचा टाक थांबला. ती पुढे लिहीना. शेवटी पान फाडून तिने नवीन लिहिलं. ते शब्द तिला म्हातारपणीही पाठ होते:

"या वर्षी माझ्यात काही सुधारणा झाली नाही. मी अख्तरबानोवर संशय घेतला. तिचा रोजा होता. तांदूळ आणायला मी सांगितले. कात्री मी बाईंच्या घरी पाहिली आणि कोणाला सांगितले नाही, कारण माझा शेरा चांगला झाला."

निबंध वर्गात उभं राहून वाचायचे असत. आत्याने वाचला. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज एवढा बारीक झाला की मागच्यांना ऐकू गेला नसेल असं तिला वाटलं. पण मागच्या मुलीही बाईंकडे बघत होत्या. बाईंनी हात पुढे करून वही घेतली, मिटली आणि म्हणाल्या, "खाली बस."

दोन दिवस बाईंनी वही परत दिली नाही. आत्या त्यांच्या प्रत्येक हालचालीकडे बघत होती. कागदावर काही लिहिलं की वाटे, माझं नाव काढताहेत. हिलालला हाक मारली की वाटे, गावाला निरोप धाडताहेत.

निरोप गेला, पण दुसरीकडून. बाजाराच्या दिवशी मिरची घेऊन आलेल्या आजोबांना मंगलाचे वडील भेटले. दुपारी आजोबा वर्गाच्या दारात उभे. डोक्याला फेटा, अंगावर मिरचीची धूळ. पुढच्या दोन मुली शिंकल्या.

"बाई," ते म्हणाले, "मन्ही पोरना तांदूळ कोरडा निंघनात म्हणे. ती चोर शे का? सरळ सांगा. गाडी बाहेर उभी शे."

आत्या जागेवरच उभी राहिली. तिला वाटलं, आता बाई नुसतं 'मला ठाऊक नाही' म्हणाल्या तरी पुरे. दप्तर बांधायचं आणि गाडीत बसायचं.

बाईंनी कपाट उघडलं. त्यातून वही काढली. "मी वाचते, तुम्ही ऐका," म्हणाल्या, आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. आत्याला वाटत होतं, कात्रीचं वाक्य त्या गाळतील. बाईंनी ते वाचलं.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "कात्री मी घरी नेली होती आणि विसरले. चूक माझी. तुमची मुलगी चोर नाही. अख्तरबानोही नाही."

आजोबांना वाचता येत नसे. त्यांनी वही हातात घेतली, उलटी धरून बघितली, परत दिली.

"हाई हिनी लिखं?"

"हो."

"तुमना बारामा?"

"माझ्याबद्दलही."

आजोबांनी आत्याकडे बघितलं. ती सांगायची, त्या नजरेत राग होता की काय होतं ते मला आजतागायत कळलं नाही. ते बाईंना म्हणाले, "तिले भलती अक्कल दिधी तुम्ही." आणि आत्याला, "बैस तुन्ही जागावर." गाडी एकटीच परत गेली.

त्या संध्याकाळी सिंधुबाई वहाबचाचांच्या दुकानात गेल्या. त्यांनी काय सांगितलं ते आत्याला माहीत नाही. ईदनंतरच्या सोमवारी अख्तर शाळेत आली. आत्याने बस्करावर तिच्यासाठी जागा केली. अख्तर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि बसली. पण दप्तर तिने दोघींच्या मध्ये ठेवलं.

दुपारी आत्याने विचारलं, "तुला अजून वाटतं का, मी घेतली होती?"

"नाही," अख्तर म्हणाली. "कात्री बाईंनी नेली होती. पण तांदूळ तू आणले होतेस."

आत्याने आपला डबा उघडला, अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा त्या मधल्या दप्तरावर ठेवला, आणि अख्तर हात लावते की नाही ते बघत बसली.