अमेरिकेचा माणूस गेला होता की नाही

लोकांची लग्नं हुंड्यावरून मोडतात, पत्रिकेवरून मोडतात. माझं मोडायला निघालं ते अमेरिकेच्या एका माणसावरून. हा गृहस्थ पंधरा मिनिटं आभाळात जाऊन समुद्रात पडला होता. तुळजापूर कुठं आहे हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तरी त्यानं माझ्या संसाराच्या आड यावं, याचा राग मला आज ऐंशी ओलांडली तरी येतो.

एकसष्ट सालची गोष्ट. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, तुळजापूरच्या तहसील कचेरीत नक्कलनवीस होते. मूळ कागद समोर ठेवायचा, त्याची हुबेहूब नक्कल उतरवायची आणि खाली ‘अस्सल बरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणेच, असं लिहून सही करायची, हे त्यांचं काम. निजामाच्या काळात त्यांनी ते उर्दूत केलं, विलीनीकरणानंतर मराठीत. मूळ कागदात चूक असली तर ती चूकसुद्धा ते जशीच्या तशी उतरवायचे. या खरेपणाचा घरात आम्हाला फार जाच व्हायचा. बरं वाटत नव्हतं म्हणून हळदीकुंकवाला आले नाही, असं आईनं शेजारणीला सांगितलं, की हे ओसरीवरून खुलासा करायचे की तिला चांगलं बरं होतं. आई मग दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही.

त्या चैत्रात रशियाचा माणूस पृथ्वीभोवती फिरून आला. सोलापूरचं वर्तमानपत्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी एसटीनं यायचं. अण्णांनी ती बातमी तीनदा वाचली आणि तिच्यात त्यांना एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे एकशे आठ मिनिटं. जपमाळेचे मणी एकशे आठ. देव न मानणाऱ्या सरकारनं पाठवलेला माणूस पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो आणि बरोबर एकशे आठव्या मिनिटाला खाली येतो, ही बाब साधी नाही, असं त्यांनी कचेरीत सगळ्यांना सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात परंड्याची माणसं मला बघायला आली. मुलगा तिथल्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवायचा. त्याचे वडील निवृत्त हेडमास्तर. हे माझे होणारे मामंजी. त्यांनी मला स्वयंपाकाचं, शिवणाचं काही विचारलं नाही. रशियाचा माणूस किती मिनिटं वर होता, एवढंच विचारलं. मी आकडा सांगितला. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि पसंती झाली. मुलाकडे मी पोह्यांची बशी देताना एकदाच पाहिलं. तो हसू दाबत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. मला तो तिथंच आवडला.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता आणि अधिकात लग्न लागत नाही, म्हणून निज ज्येष्ठातला मुहूर्त धरला. याद्या करायला व्याही मंडळी वैशाखात येणार होती. ती यायच्या चार दिवस आधी अमेरिकेनं आपला माणूस उडवला.

मध्यस्थ होते येरमाळ्याचे एक कापड दुकानदार. त्यांनी बैठक छान सांभाळली. मानपानाचं सगळं ठरलं. याद्यांच्या कागदाला कुंकू लावायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात मामंजी समाधानानं म्हणाले की चला, आता आपलाही माणूस जाऊन आला. आपला म्हणजे अमेरिकेचा, हे बैठकीला कळायला जरा वेळ लागला. मामंजींच्या शाळेला अमेरिकेची दुधाची पावडर यायची, तेव्हापासून त्यांनी अमेरिका आपली मानली होती.

अण्णांनी विचारलं, कुठं जाऊन आला? मामंजी म्हणाले, अंतराळात. अण्णा म्हणाले, प्रदक्षिणा झाली का? मामंजी म्हणाले, प्रदक्षिणेचा काय संबंध, उंची गाठली ना? त्यावर अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्मा मांडीवर आला की आई देवाचं नाव घ्यायची.

“गेला न्हाई,” अण्णा म्हणाले. “उडाला अन् पडला.”

इथून पुढं तासभर जे झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. मामंजींच्या भावानं रशियाचाही पडलाच की, असं म्हणून तेल ओतलं. आमच्या शेजारचे पुजारीकाका समजूत घालायला मधे पडले. त्यांनी तोड काढली ती अशी, की महादेवाला आपण गोमुखापर्यंत जातो आणि आल्या वाटेनं माघारी फिरतो, तरी ती प्रदक्षिणा पुरी धरतात. तेव्हा अमेरिकेची महादेवाची धरावी, रशियाची देवीची धरावी आणि कुंकू लावावं. मामंजी तयार झाले. अण्णा म्हणाले, पृथ्वी ही देवी आहे, तिला अर्धी चालत नाही. आईनं कुंकवाची वाटी उचलून आत नेली. व्याही मंडळी न जेवता एसटी स्टँडवर गेली आणि पुरणाच्या पोळ्या आम्ही तीन दिवस खाल्ल्या.

अधिक महिना लागला. त्या महिनाभर मध्यस्थ बिचारे एसटीनं परंड्याला जायचे, तिथून तुळजापूरला यायचे आणि दोन्हीकडचे निरोप पोचवायचे. परंड्याचं म्हणणं, तो गेला होता हे लिहून द्या, मगच लग्न. अण्णांचं म्हणणं, तो गेला नव्हता हे तुम्ही लिहून द्या. कापडाच्या दुकानात बसणाऱ्या त्या माणसाला दोन महिन्यांपूर्वी आभाळाकडे बघायचं काही कारण नव्हतं. आता तो आमच्या ओसरीवर पाणी पिता पिता मैल आणि मिनिटं सांगायचा. एकदा तो आईला म्हणाला की वहिनी, मी यापूर्वी सतरा लग्नं जुळवली, पण त्यातलं एकही जमिनीपासून एवढं वर गेलं नव्हतं.

मग पोस्टकार्ड आलं. ते नवरदेवानं स्वतः अण्णांना लिहिलं होतं, मुंगीच्या अक्षरात, कडेच्या कोऱ्या पट्टीतसुद्धा मजकूर. त्यात असं होतं की, आमच्या किल्ल्याच्या बुरुजावर तोफ आहे. ती पूर्वेकडे तोंड करून डागली तर गोळा बार्शीला पडेल. दारू वाढवली तर तुळजापूरला पडेल. आणखी वाढवली तर हैदराबादला. प्रत्येक वेळी गोळा पडतच असतो, फक्त दूर पडतो. आणि दारू अशी भयंकर भरली की गोळा जितका खाली येईल तितकीच पृथ्वी त्याच्याखाली वळत जाईल, तर त्याला पडायला जमीनच सापडणार नाही. तो पडत पडत सगळ्या पृथ्वीला वळसा घालून मागून येऊन तोफेजवळ उभ्या असलेल्या माझ्या वडिलांच्या पाठीत बसेल. रशियाचा माणूस असा पडला. अमेरिकेचा बार्शीला पडला, फक्त फार उंचावरून. शेवटी एकच ओळ होती: घरात कुणी मॅट्रिक झालेलं असल्यास त्यांनी हे वडिलांना समजावून सांगावं, ही विनंती.

आमच्या घरात मॅट्रिक झालेलं मी एकटीच होते. माझे कान तापले. आयुष्यात मला आलेलं पहिलं प्रेमपत्र ते, आणि त्यात तोफ होती.

पण कार्ड उघडं. पोस्टमननं ते वाटेत वाचलं, आणि आमच्या दारी पोचायच्या आत चहाच्या दोन हॉटेलांत त्याचं वाचन झालं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की परंड्याचे व्याही तुळजापूरवर तोफ डागणार. देवीच्या गावावर! दहाबारा जण कचेरीत गेले आणि परंड्याच्या तोफेत सध्या दारू आहे काय याची चौकशी व्हावी, असा अर्ज त्यांनी दिला. त्या अर्जाच्या तीन नकला लागत होत्या. त्या अण्णांनी केल्या. स्वतःच्या होणाऱ्या जावयाविरुद्धचा अर्ज त्यांनी वळणदार अक्षरात तीनदा उतरवला आणि तिन्हींच्या खाली ‘अस्सल बरहुकूम’ लिहिलं. तिकडे परंड्यात मामंजींना कुणीतरी सांगितलं की तुमच्या पोरानं तुमच्या पाठीत तोफेचा गोळा घालायचं लिहिलंय. त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं.

मी मात्र विनंतीला मान देऊन अण्णांना समजावून सांगायला बसले. दोघंही पडतच होते अण्णा, म्हटलं. एक जमिनीवर पडला, एक जमिनीच्या बाजूनं पडत राहिला. वर जाण्यात फरक नाही, आडवं किती जोरात जातो त्यात फरक आहे. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे तुझ्या परंड्याच्या माणसाचं बी म्हणणं हेच की प्रदक्षिणा झाली नाही. मग तो गेला कसा? मी कार्ड कडेच्या पट्टीसकट पुन्हा वाचलं. त्यात याचं उत्तर नव्हतं.

अधिक संपायला सहा दिवस उरले, तेव्हा मध्यस्थ शेवटचे आले. निज ज्येष्ठात बार्शीचं एक स्थळ परंड्याला पसंत पडू शकतं, असं त्यांनी सांगितलं. मुलीच्या वडिलांची अमेरिकेबद्दल काही हरकत नाही म्हणे. मध्यस्थ गेल्यावर मी अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्या काळी मुली असं बोलत नसत आणि मीही पुन्हा कधी बोलले नाही.

“अण्णा, मला तिथंच जायचंय. त्याच घरात. तुमचा माणूस किती बी फिरू दे.”

“अगं, पण तो गेला नव्हता,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरीत जायच्या आधी, त्यांनी बोरू काढला. टाक होता घरात, पण महत्त्वाचं ते बोरूनं लिहायचे. लिहिलं: ‘अमेरिकेचा सदर इसम अंतराळात गेला होता, हे मला मंजूर आहे.’ खाली सही केली. वाळू टाकली. पाकीट स्वतः पोस्टात टाकून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. आईनं चार वेळा ताट वाढलं.

तिसऱ्या दिवशी परंड्याहून पाकीट आलं. आमचं पोचायच्या आधीच ते निघालेलं होतं. मामंजींनी लिहिलं होतं की, मुलगा जेवत नाही, सबब अमेरिकेचा माणूस गेला नव्हता, हे मी कबूल करतो. दोन्ही पाकिटं बार्शीच्या आसपास कुठंतरी एकमेकांना ओलांडून गेली असणार.

लग्न लागलं. पण दिलेला शब्द दोघंही मागं घेईनात. पंगतीत अण्णा सांगत होते की तो गेला होता, आणि मामंजी सांगत होते की छे, कसला गेला. दोघंही दुसऱ्याच्या बाजूनं हट्टानं भांडत होते आणि दोघांचेही चेहरे पडलेले होते. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या माणसानं खऱ्याच तीन प्रदक्षिणा घातल्या. मामंजी घरात आनंदानं येरझारा घालत होते. अण्णांचं कार्ड आलं: अभिनंदन, पण यात नवल काय, तुमचा माणूस आधीच जाऊन आला होता.

त्यानंतर एकदा मी ह्यांना विचारलं, शेवटी खरं काय? हे म्हणाले, सोपं आहे. दाट हवा संपून फार वर गेलं की अंतराळ सुरू. तिथवर जायला उंची पुरते. तिथं राहायचं तर आडवा वेग लागतो. अमेरिकेच्या पहिल्या माणसाला उंची होती, वेग नव्हता. प्रदक्षिणा झाली नाही. अंतराळात मात्र तो गेला होता. मी म्हटलं, मग हे कार्डावर का नाही लिहिलं? महिनाभर जीव खाल्लात सगळ्यांचा. हे म्हणाले, एकच ओळ उरली होती. त्यात हे तरी मावलं असतं, नाहीतर मॅट्रिकचं तरी.

मी हसले, आणि मग मला अण्णा आठवले. ते त्यानंतर वीस वर्षं जगले. कुणी मुद्दाम छेडलं, की मान खाली घालून सांगायचे, हो, गेला होता. ते म्हणताना त्यांचा हात चष्म्याकडे जायचा आणि तसाच माघारी यायचा, ते मला दिसायचं. मी माहेरी जायचे, त्यांच्या पायाशी बसायचे, सुपारी कातरून द्यायचे. एका वाक्यात मी त्यांना मोकळं करू शकले असते. पण त्यांनी आयुष्यात एकदाच खोटं लिहून दिलं होतं, आणि ते माझ्यासाठी. ते खोटं नव्हतंच, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला ते खोटंच हवं होतं.