नळाची एका दिवसाची धार

अख्खा टँकर टाकीत रिकामा केला, तरी नळ नुसता फुसफुसत होता. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत उमेदवाराच्या प्रचारफिल्मचं शूटिंग चाललं होतं. पाइपलाइन खरी, नळ खरा. फक्त पंपाला अजून वीज जोडलेली नव्हती, म्हणून टँकर. आम्हाला 'टेस्टिमोनियल' हवं होतं. म्हणजे ज्याला फायदा झाला त्याने कॅमेऱ्यासमोर आपल्या तोंडाने सांगायचं.

मी मूळचा महाडचा लग्नांचा व्हिडिओवाला. हार घालताना कोणी कॅमेऱ्याला आडवं आलं, तर नवरा-नवरीला पुन्हा हार घालायला लावतो. त्याला कोणी खोटं म्हणत नाही. हेही काम मी त्याच हिशेबात धरलं.

शेवटी धार लागली. वाडीतल्या वनिताकाकींनी ओंजळ धरली आणि अशा हसल्या की मी बघतच राहिलो.

"दारात पानी आला. आता माझ्या संतोषला मे म्हयन्यात रजा काढून पानी भरायला नको यायला."

हे त्यांना कोणी पढवलं नव्हतं. एकाच टेकमध्ये ओके.

प्रचाराचं काम बघणाऱ्या साळवींना मी विचारलं, "खाली 'पंप लवकरच' असं टाकू का?"

"कशाला? पाणी खरं, बाईंचं हसणं खरं. यात खोटं काय ते दाखव."

मी ती ओळ न टाकताच फिल्म दिली. फिल्म घरोघरी फिरली, उमेदवार निवडून आले.

भर मे महिन्यात आभाराची फिल्म करायला पुन्हा वाडीत गेलो. काकी खालच्या विहिरीवरून हंडा घेऊन चढत होत्या. गुडघ्याला पट्टी बांधलेली.

"काकी, संतोष नाही आला?"

"त्यानं तुझी फिलिम बगली ना. म्हनाला, आये, आता नळ हाय, मी गनपतीलाच येतो."

"मग फोनवर खरं सांगायचं."

"कसा सांगू रे? कंपनीत समद्यांना दाखवलान, ही माझी आय म्हनून. तू पन सांगू नको हां."

मी हंडा दारापर्यंत नेऊन ठेवला. आभाराची फिल्म मी केली नाही. दुसऱ्याने केली, आणि चांगली केली. काकींचं ते हसणं आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण ते खरं होतं.

लग्नात हार पुन्हा घालायला लावता येतो, कारण लग्न लागलेलं असतं. इथे लग्न लागायच्या आधीच मी वरात काढली होती.