विमानाची उठबस

आमच्या माळावरच्या हँगरला आसपासच्या गावांत 'इमानाचा गोठा' म्हणायचे. कॅप्टनसाहेबांना ते नाव अजिबात आवडत नसे. मला आवडायचं, पण तसं बोलून दाखवायची छाती नव्हती. पत्र्याची एक उंच शेड, पुढे सरकते दरवाजे आणि आत जेमतेम एक विमान मावेल एवढी जागा. साताऱ्याहून सांगलीकडे जाणारा रस्ता सोडून दोन मैल आत गेलं की धावपट्टी लागायची. तिच्या कडेला ही शेड आणि शेडपुढे आमचा फ्लाइंग क्लब, म्हणजे दोन खोल्या आणि एक पाण्याचा डेरा. कॅप्टनसाहेब त्या क्लबाचे प्रमुख.

मी तिथे फिटर होतो. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये आठ वर्षं ट्रकांच्या पोटाखाली झोपून काढली होती. एकाहत्तरची लढाई संपल्यावर घरी आलो आणि क्लबात लागलो. इंजिनाला हात लावायचा परवाना पुण्याहून येणाऱ्या इंजिनियरकडे होता. चाकं, ब्रेक, ग्रीस आणि धुणंपुसणं माझ्याकडे. तरी गावात मी 'इमान दुरुस्त करनारा' होतो, आणि मी तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

आधी क्लबाकडे एकच विमान होतं. दोन माणसांचं, पंख डोक्यावर असलेलं, पिवळं. आम्ही तिला पिवळी म्हणायचो. मग उसावर औषध फवारायला दुसरं आलं. त्याचे पंख पोटाशी होते आणि रंग निळा, म्हणून ती निळी. निळीला गोठ्यात जागा नव्हती. तिला बाहेर खुंट्या ठोकून दोरखंडांनी बांधत असू. पंख कापडाचे. वैशाखात एकदा वळवाच्या गारा पडल्या आणि त्या कापडाची चाळण झाली. क्लबाच्या मंडळींनी सांगितलं, मृगाच्या आत निळीला छप्पर मिळालं नाही तर ती पुण्याला पाठवून देऊ. क्लब चालत होता तो निळीच्या फवारणीवर. ती गेली असती तर माझी नोकरीही तिच्याबरोबर गेली असती.

कॅप्टनसाहेबांकडे एक परदेशी मासिक होतं. त्यातला फोटो त्यांनी मला दाखवला. चार लोखंडी खांब, त्यांच्यामध्ये वरखाली होणारा, मधोमध मोकळा असा एक मोठा पाट. पाटावर एक विमान चढवायचं, उचलून छपराजवळ न्यायचं आणि खाली दुसरं ढकलायचं. "करशील?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणून मोकळा झालो. फोटो नीट बघितला तो नंतर.

खांब आणि गर्डर सांगलीच्या भंगारबाजारातून आणले. बंद पडलेल्या एका तेलगिरणीचा हाताने फिरवायचा रहाट तिथेच मिळाला, दात शाबूत असलेला. आटपाडीच्या एका लोहाराने खांबांवर बसवायच्या दातेरी पट्ट्या आणि त्यांत अडकणारे खटके करून दिले. पाट वर जाताना खटके आपोआप एकेका दातात पडत. रहाटाची तार तुटली तरी पाट खाली येणार नाही, अशी ती सोय. खाली आणायचं झालं की दोरी ओढून खटके मोकळे धरायचे आणि रहाट उलटा फिरवायचा. कॅप्टनसाहेब त्याला लिफ्ट म्हणायचे. आम्ही माळा म्हणायचो, कारण घरात जड वस्तू वर टाकायच्या जागेला आणखी काय म्हणतात?

त्या माळ्याने मला एक सुख दिलं, ते आधी सांगतो. पिवळीला डोक्याच्या वर उचललं की मी तिच्या पोटाखाली ताठ उभा राहून काम करायचो. आठ वर्षं पाठीवर झोपून डोळ्यांत ऑइल घेतलेल्या माणसालाच त्याची किंमत कळेल. पहिल्या दिवशी मी काही काम नसताना अर्धा तास तिच्याखाली उभा होतो.

अडचण होती ती रहाटावरच्या माणसाची. तिथे ताकदीपेक्षा सबुरी लागते. सुरुवातीला क्लबातल्या दोन गड्यांना बसवून बघितलं. एक मध्येच विडी शिलगवायचा, दुसरा इतका जोर लावायचा की पाट एका कोपऱ्याने वर जायचा. मग मी आमच्या आबांना आणलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभी हयात मोट हाकली होती. विहिरीवर विजेची मोटर बसल्यापासून ते नुसतेच धावेवर, मोटेच्या बैलांच्या त्या उतारावर, जाऊन बसत. भरलेली मोट आणि रिकामी मोट यांतला फरक त्यांच्या हाताला नुसत्या दोरावरून कळायचा. रहाटाला हात लावला आणि पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "डाव्या अंगाची तार सैल हाय रं." होती खरंच.

पण क्लबात नातेवाईक भरायचे नाहीत, असा कॅप्टनसाहेबांचा कडक नियम होता. आमच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, तेव्हा कागदावर काही अडलं नाही. मी आबांना सांगितलं, "तिथं मी तुमाला मामा म्हनीन. समदेच म्हनत्यात." आबा हसले. म्हणाले, "म्हन की. नावानं काय बिघडतंय?" दुसऱ्या दिवसापासून ते मला चारचौघांत 'सायब' म्हणू लागले. ते मी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानशिलं तापली, नंतर सवय झाली. सवय झाली हेच आज मला जास्त डाचतं.

काम करताना आमच्या दोघांत तीनच शब्द होते. ते आबांनीच ठरवले. पाट वर न्यायचा तर 'ऊठ', खाली आणायचा तर 'बस' आणि थांबायचं तर 'बास'. पाट म्हणजे त्यांच्या लेखी एक मोठं जनावरच होतं. आम्ही रिकामा पाट वीसेक वेळा उठवला-बसवला, मग विटा भरून, मग पिवळीला घेऊन. काही चूक झाली नाही. मी कॅप्टनसाहेबांना खांब, तार, खटके सगळं समजावून सांगितलं, फक्त हे तीन शब्द तेवढे सांगितले नाहीत. विमानाला ऊठ-बस म्हणतो हे सांगायची मला लाज वाटली. हुकूम मीच देणार, मग त्यांना कशाला सांगायला हवं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मंडळींना दाखवायचा दिवस आला. सकाळी आठाला क्लबाची चार बडी माणसं फेटे-टोप्या घालून हजर. पिवळी पाटावर चढवली, वर नेली. निळीला ढकलत तिच्याखाली घेतली. दोघी एका छपराखाली आल्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि माझा ऊर भरून आला. तेवढ्यात कॅप्टनसाहेबांना वाटलं, निळीच्या टपावर आणखी थोडी मोकळी जागा हवी. ते उत्साहात पुढे आले आणि स्वतःच ओरडले, "मामा, उचला थोडं!"

आबांनी रहाट फिरवला. एक दात, दोन दात. पिवळीचा पंख छपराच्या लोखंडी कैचीला टेकायला आला. कॅप्टनसाहेबांचं आयुष्य गेलं होतं नागपूर, दिल्ली आणि विमानतळांवर. थांब म्हणायला त्यांच्या तोंडात एकच शब्द होता. ते ओरडले, "बस!"

आबांनी खटक्यांची दोरी ओढली आणि रहाट उलटा फिरवायला घेतला.

पाट खाली यायला लागला. खाली निळी. कॅप्टनसाहेब आणखी जोरात, "बस! बस! बस!" आणि ते जितकं ओरडतील तितके आबा लगबगीनं फिरवताहेत. साहेबांना घाई आहे, एवढंच त्यांना कळत होतं. मी मागे शेपटीपाशी होतो. मला समजायला दोन क्षण लागले. मग मी किंचाळलो, "बास!" आबांनी दोरी सोडली, खटके खाडकन दातात पडले. तोवर पाटाची कड निळीच्या टपावर टेकली होती आणि पत्र्याला पुरीएवढा पोचा पडला होता.

पोचा ठोकून निघण्यासारखा होता. कॅप्टनसाहेब निघण्यासारखे नव्हते. ते रहाटापाशी गेले, आबांच्या पुढ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मी बस बस म्हणतोय आणि तुम्ही खाली सोडताय! ऐकू येतं की नाही तुम्हाला?"

आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. शब्दाचा घोळ आहे म्हणून सांगितलं, तर तो शब्द कुणी ठरवला, साहेबांना का सांगितला नाही, आणि या म्हाताऱ्याला आणलं कुणी, हे सगळं निघालं असतं. ते निघालं की नोकरी माझी जाणार होती.

"न्हाई येत, सायब," आबा म्हणाले. "कमीच येतं आताशा."

"मग रहाटावर बसलात कसे?" कॅप्टनसाहेबांनी दरवाजाकडे हात केला. "घरी जा. आणि ही लिफ्ट आजपासून बंद."

आबांनी पटक्याने हात पुसले. माझ्याजवळून जाताना थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "येतो, सायब." मी मान हलवली. सैन्यात असताना मला स्वतःबद्दल बरंच काही वाटत असे, त्या दिवशी ते सगळं उतरलं.

दुपारी घरी जेवायला गेलो. आबा ओसरीवर पेंढी बांधत बसले होते. आई आत चुलीपाशी स्वतःशीच पुटपुटली की लसूण संपलाय. आबा बाहेरून म्हणाले, "कोनाड्यात हाय बघ, डब्याच्या मागं." आईला काहीच माहीत नव्हतं. तिने लसूण घेतला आणि कामाला लागली. माझ्या ताटातली भाकरी मात्र तशीच राहिली. मी हात धुतले आणि तसाच सायकलीवर माळावर परत गेलो.

कॅप्टनसाहेब एकटेच निळीच्या टपावरून हात फिरवत होते. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. ऊठ, बस, बास. आमच्याकडे बस म्हणजे खाली बसणं आणि बास म्हणजे पुरे. शब्द मी लपवले. "आणि साहेब, ते मामा नाहीत. माझे वडील आहेत. त्यांना सगळं ऐकू येतं." नोकरी गेली हे मी धरूनच चाललो होतो, त्यामुळे भीती अशी उरलीच नव्हती.

कॅप्टनसाहेबांनी निळीवरचा हात काढला. मग त्यांनी विचारलं, "पुन्हा म्हण. ते थांबायचं."

"बास."

"बास्." त्यांनी म्हणून बघितलं. जमलं नाही. "बाऽस. बास." मग किल्ल्या उचलल्या. "बस मागे."

सायकल तिथेच टाकून मी त्यांच्या स्कूटरवर बसलो. वाटेत खड्डा आला की ते म्हणायचे, "बास." उसाची गाडी आडवी आली, "बास." त्यांच्या मनात काय आहे हे मला कळेना, विचारायचा धीरही होत नव्हता.

आबा घरी नव्हते. रानात कुळव धरला होता. आम्ही बांधावर जाऊन उभे राहिलो. ते पाठमोरे, बैलांमागे, चांगले शंभर पावलांवर. मी हाक मारणार तोच कॅप्टनसाहेबांनी मला हाताने अडवलं. ओरडले नाहीत, साध्या आवाजात म्हणाले, "बास."

आबा जागीच थांबले. बैल थांबले. आबांनी वळून बघितलं, कपाळाला हात लावून आम्हाला ओळखलं आणि कासरा धरून बैलांसह संथ पावलं टाकत बांधापाशी आले.

"ऐकू येतं की तुम्हाला," कॅप्टनसाहेब म्हणाले.

"आज तुमी नीट बोलला, सायब," आबा म्हणाले.

कॅप्टनसाहेब असे हसले की बैलांनी कान टवकारले. मग ते गंभीर झाले. म्हणाले, "चूक माझीही आहे. माळ्यावर ज्याचा हात, त्याचीच भाषा चालली पाहिजे. उद्या सकाळी या. मंडळींना मी सांगतो, नियमाचं काय ते मी बघतो." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "आता खरं सांगा. हा कोण तुमचा?"

आबांनी आधी माझ्याकडे बघितलं, सांगू का म्हणून. माझा बाप मला विचारत होता. मी बांधावरून खाली उतरलो, ढेकळांतून त्यांच्याजवळ गेलो आणि त्यांच्या हातातला कासरा घेतला.

"आबा," मी म्हणालो, "सांगा की."